धोका कोणाचा आणि मोकळीक कोणाची?

ग्रामस्थ मंडळ्या व उपदेशक यांजकरितां अभ्यासाचा पाठ



ता. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या दिवशीं, महाराष्ट्र सरकारनें कोविडच्या साथीसंबंधींचे सर्व निर्बंध उठविले. तोंडावर मास्क बांधणें त्या दिवसापासून ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोपविण्यांत आलें. दोन वर्षें आपण हुकुमाखालीं वागलों होतों. कोठें जावें, किती जणांनीं जमावें, किती दिवस वेगळें राहावें, हें सर्व वरून ठरून येत असे. त्या दिवशीं हुकूम संपला. आणि आमच्या मालवण किनाऱ्यावरील गांवांत दोन प्रकारचीं माणसें दिसूं लागलीं. एक म्हणे, "आतां सुटलों; कोणास विचारण्याचें कारण नाहीं." दुसरा म्हणे, "रोग तर गेला नाहीं; मी बाहेर पडूं कसा?" पहिला खोकत खोकत लग्नाच्या पंगतीस बसला, दुसरा सख्ख्या भावाच्या ओटीवरहि चढेना.

आमच्या मतें या दोघांची चूक एकच होती. पहिल्यानें धोका शून्य धरिला. दुसऱ्यानें तो अपार धरिला. तराजू मात्र दोघांपैकीं कोणींच हातीं घेतला नाहीं. हुकूम होता तोंवर तराजू सरकारच्या हातीं होता. तो संपल्यावर तें काम आपल्याकडे आलें, आणि तें कसें करावें हें आपणांस कोणीं शिकविलें नव्हतें. ता. ५ मे २०२३ रोजीं जागतिक आरोग्य संघटनेनें या रोगाची आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचें जाहीर केलें खरें. परंतु त्याचा विषाणु नाहींसा झालेला नाहीं. शिवाय पावसाळ्यांतील फ्लू आहे, क्षयरोग आहे, गोवर आहे. म्हणून हा पाठ जुना झाला असें कोणीं समजूं नये.

१. आपल्या किनाऱ्यावर काय घडलें

ता. २५ मार्च २०२० पासून सर्व देशांत टाळेबंदी सुरू झाली. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत ज्याचें एकहि माणूस मुंबईस नोकरीला नाहीं असें घर विरळाच. मुंबईंत एका खोलींत अनेकांनीं दाटीनें राहणारा आमचा चाकरमानी, काम बंद व खाणावळ बंद झाल्यावर, गांवची वाट धरूं लागला. खारेपाटणच्या तपासणी नाक्यावरून तीं माणसें जिल्ह्यांत येऊं लागलीं तेव्हां एकाच वाडींत दोन आवाज उठले. आई म्हणे, "माझो झील घराक येतलो." शेजारीण म्हणे, "येऊंदे, पण आधी शाळेत रवांदे." दोघींचेंहि खरें होतें. एकीस मुलगा हवा होता. दुसरीच्या घरीं दम्याचा म्हातारा होता.

मग गांवोगांवच्या शाळा विलगीकरणाच्या जागा झाल्या. कोणी आपल्याच बागायतींतील मांगरांत चौदा दिवस राहिला, आणि आईनें पेजेचें भांडें दूर ठेवून मागें सरावें, असें चाललें. कित्येक ठिकाणीं ग्रामस्थांनीं रस्त्यावर लांकडें आडवीं टाकून वाटहि अडविली. त्या वर्षीं गणेशचतुर्थी ता. २२ ऑगस्टला होती. हा आपल्या शेजाऱ्यांचा वर्षांतील मोठा सण. त्यासाठीं चाकरमानी येणारच. तेव्हां सरकारनें चौदा दिवसांचें विलगीकरण दहा दिवसांवर आणिलें, आणि ता. १२ ऑगस्टपर्यंत गांवीं पोहोंचावें, त्यानंतर येणारानें तपासणी करून यावें, असें ठरविलें.

या दहा व चौदा यांतील फरकाकडे उपदेशकांनीं नीट लक्ष द्यावें. ज्यास लागण झाली आहे त्यास बहुधा पांचव्या दिवसाच्या सुमारास ताप किंवा खोकला सुरू होतो. दहाव्या दिवसापर्यंत बहुतेकांचें दुखणें उघड होतें. चौदाव्यापर्यंत मागें राहणारे थोडे. अर्थात् दहा दिवसांनीं धोका शून्य होत नाहीं. तो थोडा उरतो. आणि तो थोडा धोका पत्करून हजारों माणसांचे चार दिवस त्यांस परत दिले गेले. हेंच तोलणें. जो म्हणतो, "तिळमात्र धोका असेल तर नको," त्यानें चौदाहि दिवस पुरे मानूं नयेत. जो म्हणतो, "मला अडविणारे तुम्ही कोण," त्यानें एकहि दिवस मानूं नये. शहाणपण या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे, आणि तें शोधण्यास तीन प्रश्न उपयोगी पडतात.

२. पहिला प्रश्न: धोका कोणाचा?

१८९७ सालीं पुण्याकडे प्लेगची साथ असतां सावित्रीबाई फुले यांनीं मुंढव्याच्या एका आजारी मुलास स्वतः उचलून हडपसरच्या दवाखान्यांत नेलें. त्यांस प्लेगची बाधा झाली व ता. १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. त्यांनीं धोका घेतला, परंतु तो स्वतःच्या अंगावर, जाणूनबुजून, आणि दुसऱ्याचा जीव वांचावा म्हणून. अशा मोकळिकीस कोणीं नांवें ठेवावीं?

आतां दुसरें चित्र पाहा. अंगांत ताप असून जो मनुष्य तो लपवितो आणि गर्दीच्या गाडींत चढतो, तोहि म्हणतो, "मी माझा धोका घेतों." परंतु धोका त्याचा नव्हे. शेजारीं बसलेल्या गरोदर बाईचा आहे, तिच्या घरच्या म्हाताऱ्याचा आहे. आणि त्यांस कोणीं विचारिलेलें नाहीं.

आमच्या कोळी व गाबीत बंधूंस हें चटकन् समजेल. वारा फिरला असतां आपली होडी आपण एकट्यानें बाहेर काढली तर लोक फार तर साहसी म्हणतील. परंतु त्याच होडींत दुसऱ्याचें मूल, त्याच्या आईबापांस न सांगतां, घेऊन गेलों तर त्यास साहस म्हणत नाहींत. सांसर्गिक रोगांत आपली होडी सहसा एकट्याची नसते. या रोगांत तर ज्यास लागण झाली तो ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधींच दुसऱ्यास ती देऊं शकतो. म्हणून "मला कांहीं होत नाहीं" एवढ्यावरून होडींत दुसरें कोणी नाहीं असें ठरत नाहीं.

लसीविषयींहि हेंच समजावें. आपल्या देशांत ता. १६ जानेवारी २०२१ पासून ही लस देण्यास आरंभ झाला. लस घेतल्यानें जड दुखण्याचें व मृत्यूचें भय पुष्कळ कमी होतें. परंतु लागण मुळींच होत नाहीं किंवा आपल्यापासून दुसऱ्यास होणारच नाहीं, असें नव्हे.

३. दुसरा प्रश्न: धोका केवढा?

भय वाटणें व धोका असणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धोका मोजावयाचा तर पांच गोष्टी पाहाव्या: हवा मोकळी आहे कीं कोंडलेली, किती वेळ एकत्र राहावयाचें, किती माणसें, आणि किती जवळ, त्यांत म्हातारे व दुखणाईत आहेत काय, आणि गांवांत सध्यां रोग कितपत आहे.

किनाऱ्यावर रापण ओढणारीं माणसें पाहा. वीस-तीस जण दोन दोरांस लागतात, खांद्याशीं खांदा भिडतो. परंतु वर उघडें आकाश आणि समोरून समुद्राचा वारा. याच्या उलट चार जण पावसाच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून एका खोलींत दोन तास गप्पा मारीत, गाणीं गात बसले आहेत. पाहणारास रापणीची गर्दी भयंकर वाटते व चौघांची बैठक निरुपद्रवी वाटते. वास्तविक पाहतां बैठकीचा धोका पुष्कळ अधिक असूं शकतो. कारण श्वासाबरोबर, बोलण्याबरोबर व गाण्याबरोबर बाहेर पडणारे सूक्ष्म कण कोंडलेल्या हवेंत सांचून राहतात, उघड्यावर ते पांगून जातात.

वयाचाहि विचार हवा. हा रोग तरुणास बहुधा हलका जातो आणि वृद्धास जड जातो. त्यांतून मधुमेह, हृदयविकार किंवा फुप्फुसांचें दुखणें असेल तर अधिकच. म्हणून एकच कृत्य एका घरीं क्षम्य व दुसऱ्या घरीं निष्काळजीपणाचें ठरूं शकतें. शेजारी मास्क बांधून आला तर त्यास हंसूं नये. त्याच्या घरीं काय आहे हें आपणांस ठाऊक नसतें.

४. तिसरा प्रश्न: गमावतों काय, आणि स्वस्त उपाय आहे काय?

कित्येक भल्या माणसांस असें वाटतें कीं, एका पारड्यांत जीव आहे व दुसऱ्यांत चैन आहे. मग तोलण्यासारखें काय उरलें? ही समजूत बरोबर नाहीं. मोकळीक म्हणजे चैन नव्हे. रोजगारीनें रोजावर जाणें, मुलानें शाळेंत जाणें, एकट्या म्हातारीकडे कोणीं तरी येऊन बसणें, मुलीनें बापाचें शेवटचें दर्शन घेणें, हीं सर्व मोकळिकीचींच रूपें आहेत; आणि तीं दोन वर्षें हिरावलीं गेलीं तेव्हां काय झालें हें आपण पाहिलें आहे. ज्याच्या घरीं धान्य व पगार होता त्यास "घरींच राहा" हा हुकूम हलका गेला. मासळी विकून त्याच दिवशीं तांदूळ आणणारीस तो जड गेला. म्हणून बंदीचें वजन सांगतांना तें कोणाच्या खांद्यावर पडतें हेंहि सांगितलें पाहिजे.

पुष्कळदां मात्र दोहोंपैकीं एक टाकण्याची गरजच नसते. बैठक घरांतून खळ्यांत आणिली, खिडकी उघडली, दोन तासांचें काम अर्ध्या तासांत उरकलें, खोकणारानें मास्क बांधला, दुखणाइतानें पांच-सहा दिवस म्हाताऱ्यांपासून दूर झोंपण्याची सोय केली, तर मोकळीक फारशी जात नाहीं आणि धोका मात्र पुष्कळ उतरतो. असा स्वस्त उपाय हातीं असून जो तो करीत नाहीं, त्याचें "माझें स्वातंत्र्य" हें बोलणें आळसाचें आहे. आणि असा उपाय असतां जो सरसकट बंदीच मागतो, त्याचें "सर्वांचें हित" हें बोलणें भयाचें आहे.

५. हुकुमाची मर्यादा

साथ भडकली असतां प्रत्येकानें आपापल्या घरीं तराजू घेऊन बसणें पुरत नाहीं, हुकूम लागतो. परंतु हुकुमासहि कसोटी आहे, आणि ती आपल्या प्रांतानें फार मोठी किंमत देऊन शिकली. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेग ओळखिला. १८९७ च्या आरंभीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. तोच कायदा मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांत पुन्हां लागू करण्यांत आला. १८९७ सालीं पुण्यास सोल्जर घरोघर शिरले. देवघर, माजघर कांहीं पाहिलें नाहीं. तेथील प्लेगच्या इस्पितळांत स्त्रियांची जी व्यवस्था होती तिजविरुद्ध पंडिता रमाबाईंनीं उघडपणें लिहिलें. ता. २२ जून १८९७ रोजीं प्लेग-अधिकारी रँड यांजवर गोळी झाडण्यांत आली व पुढें ते वारले. त्या हत्येचें समर्थन आम्ही करीत नाहीं; परंतु लोकांचा संताप कोठून आला हें न पाहणें हाहि न्याय नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्या. प्लेग उंदरांवरील पिसवांच्या द्वारें माणसास होतो हें सिमों नामक फ्रेंच डॉक्टरांस १८९८ सालीं कराचीस दिसून आलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी कांहीं वर्षें लागलीं. म्हणजे १८९७ सालीं माणूस पकडला गेला आणि उंदीर मोकळा राहिला. कोविडच्या आरंभींहि कांहींसें असेंच झालें. आपण भाजीपाला व दाराच्या कड्या धूत बसलों आणि खोलीच्या खिडक्या बंद ठेविल्या. रोग मुख्यत्वें हवेवाटे पसरतो हें पुढें स्पष्ट झालें.

तेव्हां चांगल्या हुकुमाच्या चार खुणा सांगतां येतात. तो रोगाच्या खऱ्या ज्ञानावर उभा असावा, आणि ज्ञान बदलतांच बदलावा. त्यास मुदत असावी. तो गरीब-श्रीमंत, गांवचा-मुंबईचा असा भेद न करतां सर्वांस सारखा लागू असावा. आणि तो बजावतांना माणसाचा मान राखला जावा. असा हुकूम पाळणें हें आपलें कर्तव्य आहे. ज्यांत या खुणा नाहींत त्याविषयीं रमाबाईंप्रमाणें तोंड उघडून बोलणें हेंहि कर्तव्यच आहे. परंतु बोलत असतां ताप लपवूं नये.

६. मंडळीचा प्रश्न

मार्च २०२० मध्यें प्रार्थनास्थळें बंद झालीं, तीं ता. १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, एप्रिल २०२१ मध्यें पुन्हां बंद झालीं, व ता. ७ ऑक्टोबर २०२१ पासून पुन्हां उघडलीं. या काळांत कित्येक बंधूंनीं विचारिलें: देवावर भरवसा ठेवणारानें रोगास भ्यावें काय? या प्रश्नास मार्टिन लूथर यांनीं १५२७ सालीं तोंड दिलें आहे. विटेनबर्ग शहरांत प्लेग आला, विद्यापीठ दुसऱ्या गांवीं हलविण्यांत आलें. लूथर मात्र रोग्यांच्या सेवेसाठीं तेथेंच राहिले. तरी त्यांनीं त्या वेळीं लिहिलेल्या पत्रांत औषध टाकून, खबरदारी सोडून हिंडणाराची वाहवा केली नाहीं. जेथें आपली गरज नाहीं तेथें जाऊं नये, म्हणजे आपल्यामुळें दुसऱ्यास बाधा होणार नाहीं. परंतु शेजाऱ्यास आपली गरज असेल तर मागें हटूं नये, असा त्यांचा आशय आहे.

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायांत पौल प्रेषितानें ज्या मोकळिकीचा विचार केला आहे ती अन्नाविषयींची आहे, रोगाविषयींची नव्हे. तरी विचाराची रीति तीच आहे. मला हक्क आहे, एवढें ठरल्यानें प्रश्न संपत नाहीं; माझ्या हक्कानें दुर्बळ भावाचें काय होतें, हें पाहणें उरतें.

७. एक उदाहरण सोडवून पाहूं

असें समजा: शनिवारीं घरीं लग्न आहे. नवऱ्याचा धाकटा भाऊ गुरुवारीं मुंबईहून आला. शुक्रवारीं त्याचा घसा दुखूं लागला, अंग कसकसूं लागलें. घरांत ऐंशी वर्षांची आजी आहे. त्यानें काय करावें?

धोका कोणाचा? मुख्यतः आजीचा व तिच्या वयाच्या पाहुण्यांचा. केवढा? रात्रीं माजघरांत सर्वांनीं दाटीनें झोंपण्यांत मोठा. सकाळीं खळ्यांतील उघड्या मांडवाच्या कडेस उभें राहण्यांत लहान. गमावतो काय? सख्ख्या भावाचें लग्न, जें पुन्हां येणार नाहीं. स्वस्त उपाय कोणता? प्रथम, त्यानें आपलें दुखणें वडील माणसांस सांगावें आणि तपासणी करून घ्यावी. तपासणींत कांहीं न निघालें तरी अंग दुखत आहे तोंवर सावधच असावें. रात्रीं मांगरांत झोंपावें. लग्नास मास्क बांधून मांडवाच्या वाऱ्याच्या कडेस उभें राहावें, पंगतीस बसूं नये, ताट वेगळें घ्यावें. ताप चढला किंवा तपासणींत रोग निघाला तर तेंहि सोडावें. भावानें मागाहून मांगराच्या दारीं येऊन, दुरूनच कां होईना, त्यास भेटावें.

आणि आजी? तिला न विचारतां खोलींत कोंडून ठेवूं नये. "आये, पोराक बरां नाय, तू कसां करतलंस?" असें तिलाच विचारावें. ती म्हणाली, "माझो नातू हा, मी लग्न बघतलंय," तर तो तिचा धोका आहे आणि तिची मोकळीक आहे. तिची खुर्ची वाऱ्याच्या तोंडीं मांडावी, एवढेंच आपलें काम. मात्र पुढें कांहीं दिवस तिनें शेजारच्या तान्ह्या मुलास मांडीवर घेऊं नये, हें तिलाहि सांगावें. कारण तेथें पुन्हां होडींत दुसऱ्याचें मूल येतें.

या घरांत हुकूम कोणाचाच नव्हता. तरी लग्न झालें, आजी बसली, आणि भाऊ मांडवाच्या कडेस उभा राहिला. जें सांगितलें गेलें, त्यामुळेंच जें सांभाळतां आलें तें सांभाळलें गेलें. सर्व पाठाचें सार आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे: स्वतःचा धोका घेण्यास मनुष्य मोकळा आहे, दुसऱ्याचा धोका त्यास न विचारतां घेण्यास तो मोकळा नाहीं, आणि हे दोन वेगळे करण्याचा पहिला उपाय म्हणजे खरें बोलणें.

मंडळींत चर्चा करण्यासाठीं प्रश्न

१. चौदा दिवसांचे दहा दिवस करण्यांत काय मिळालें व काय सोडलें?

२. सावित्रीबाईंनीं घेतलेला धोका आणि ताप लपवून प्रवास करणाराचा धोका यांत भेद कोणता?

३. आपल्या प्रार्थनामंदिरांत पावसाळ्यांत हवा खेळती राहील यासाठीं या वर्षीं काय करतां येईल?

४. आपल्या वाडींत कोणाच्या घरीं असें माणूस आहे कीं ज्यास साधा फ्लूहि जड जाईल? त्यास भेटावयास जातांना आपण काय विचारून जावें?